घाट बंद, पण कोणाला? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दरडी आणि खचलेले घाटरस्ते यांविषयी या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच: गाड्या बंद ठेवा, पण सायकलवाल्याला आणि चालणाऱ्याला कशाला अडवता? त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : रस्ता खचला म्हणून ट्रक आणि एसटी बंद, हे समजतं. पण मी सायकलसकट भरतो ८२ किलो. माझ्या वजनाने घाट कसा खचेल? तरी आम्हाला पायथ्यावरूनच परत पाठवलं जातं. — सायकलस्वार, पुणे

तुमच्या वजनाने खचणार नाही, हे खरंच. पण बहुतेक वेळा तो ट्रकच्या वजनानेही खचत नाही. खचतो पाण्याने. साधा हिशोब करू. दरीकडच्या बाजूचा दहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि पाच मीटर खोल भराव धरा. हा झाला २०० घनमीटर मुरूम-माती, म्हणजे कोरडी असताना साधारण ३५० टन. तीन आसांचा भरलेला ट्रक कायद्याने जास्तीत जास्त २८.५ टनांचा. आता पाऊस मुरला आणि भरावातल्या पोकळ्यांत नुसतं ३० घनमीटर पाणी साठलं, की एका ट्रकइतकं वजन आपोआप वाढलं. शिवाय हे पाणी मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं आणि त्यांची पकड सोडवतं, ते वेगळंच. ट्रक बारा सेकंदांत निघून जातो, पाणी चार दिवस बसून राहतं. म्हणून रात्री, एकही गाडी नसताना, घाट तुटल्याच्या बातम्या येतात.

तेव्हा प्रश्न वजनाचा ठेवू नका. विचारायचं ते हे: धोका वरून आहे की खालून?

धोका खालून असेल, म्हणजे दरीकडची कड खचत असेल, कठडा कलला असेल, डांबरात चंद्रकोरीसारखी भेग पडली असेल, तर चालणाऱ्याला आणि सायकलला वाट देता येते का, याचा विचार तरी होऊ शकतो. डोंगर कापून केलेल्या रस्त्याचा आतला अर्धा भाग मूळ कातळावर बसलेला असतो, बाहेरचा अर्धा भरावावर. भेग बहुधा या दोन भागांच्या सांध्यावरच पडते. शेवटच्या भेगेपासून डोंगराच्या बाजूला निदान दोन मीटर सोडून दीड मीटरची पट्टी मिळत असेल, खालचा कातळ उघडा दिसत असेल, तर सायकल हातात धरून एकेकाला नेता येतं. कडेच्या डांबरावर मात्र भरवसा ठेवू नये. खालची माती वाहून गेली तरी डांबराचा थर काही दिवस तसाच अधांतरी टिकतो आणि वरून रस्ता अखंड दिसतो. पहारीचं टोक आपटलं की पोकळ आवाज येतो. सायकलवाला सवयीने डाव्या कडेने जातो आणि घाटात एका दिशेला ती डावी कड म्हणजे नेमकी दरीची कड असते.

धोका वरून असेल, तर सगळा हिशोब उलटा होतो. तिथे गाडीवाल्यापेक्षा तुम्हीच जास्त उघडे पडता. शंभर मीटरचा दरडीचा टप्पा घ्या. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी तो १२ सेकंदांत ओलांडते. चढावर ताशी ८ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला ४५ सेकंद लागतात आणि चालणाऱ्याला ९०. वीस जणांचा ट्रेकचा गट एकेक करून गेला तर सगळ्यांचे मिळून १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास कोणी ना कोणी दगडाच्या वाटेत असतं. डोक्यावर पत्र्याचं छतसुद्धा नाही. त्यात मधेच थांबून दरडीचा फोटो काढायची नवी रीत आली आहे, तिचे सेकंद आम्ही धरलेले नाहीत.

सह्याद्रीत अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी दोन्ही धोके एकाच वळणावर असतात. दरीकडच्या भेगेपासून लांब राहावं तर डोंगराच्या पायाशी, म्हणजे थेट दगडांखाली यावं लागतं. अशा जागी सुरक्षित पट्टी निघतच नाही. तिथे सर्वांना बंद हाच आदेश बरोबर.

प्रश्न : हेल्मेट घालून दरडीचा टप्पा पटकन पार केला तर? — वाचक, ठाणे

तीस मीटर उंचीवरून सुटलेला दगड खाली येईपर्यंत ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो, तोही अडीच सेकंदांत. दहा सेंटिमीटर व्यासाचा बेसॉल्टचा गोटा दीड किलो भरतो. त्याची धडक होते सुमारे ४४० ज्यूल. गिर्यारोहणाच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी पाच किलोचं वजन दोन मीटरवरून पाडून घेतात, ती होते शंभर ज्यूलच्या आत. सायकलचं हेल्मेट तर वरून येणाऱ्या दगडासाठी बनवलेलंच नाही, ते आपण पडलो तर डोकं वाचावं म्हणून असतं. घालाच, पण त्याच्या भरवशावर आत शिरू नका.

प्रश्न : आमच्या हद्दीत घाटाचा एक तुकडा खचला आहे. बांधकाम विभागाने फलक दिला, पण मोटारसायकली, सायकली आणि ट्रेकवाले बाजूने निघून जातात. आम्ही दोरी बांधली, मातीचा ढीग टाकला, उपयोग झाला नाही. नीट बंद कसा करायचा? — ग्रामपंचायत सदस्य, महाड तालुका

आधी ती दोरी सोडा. आजच. तार, साखळी, दोरी यांपैकी काहीही रस्त्यावर आडवं ताणू नये. धुक्यात उतारावरून ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या सायकलस्वाराला ती दिसत नाही आणि दिसते तेव्हा गळ्याशी आलेली असते. त्या वेगाला ओल्या उतारावर थांबायला, दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरून, ५० ते ५५ मीटर लागतात. घाटातल्या वळणावर इतकं पुढचं दिसतंच असं नाही. म्हणून सूचनेचे फलक अडथळ्याच्या २००, १०० आणि ५० मीटर आधी हवेत आणि वळण मधे येत असेल तर वळणाच्या अलीकडे.

मातीचा ढीगही काढा. तो बाजूचं गटार बुजवतो, पाणी रस्त्यावर चढतं आणि थेट त्या भेगेत जाऊन बसतं. शिवाय रुग्णवाहिकेचा रस्ताही अडतो.

अडथळा दोन ठिकाणी लागतो. पहिला खचलेल्या जागेवर नाही, तर जिथून माणूस दुसऱ्या रस्त्याला लागू शकतो तिथे. भोर-महाड रस्त्यावरच्या वरंधा घाटाच्या बाबतीत म्हणायचं तर भोर बाजूला हिर्डोशीच्या आसपास आणि महाड बाजूला वरंध-माझेरीला. पंधरा किलोमीटर चढून आल्यावर "बंद" वाचणारा सायकलवाला परत फिरत नाही, तो फटीतून घुसतो. हा स्वभाव गृहीत धरूनच आखणी करायची. या पहिल्या अडथळ्याला स्थानिकांच्या गाड्यांसाठी उघडबंद होणारी दांडी चालेल.

दुसरा अडथळा प्रत्यक्ष जागेवर, दोन्ही बाजूंना, शेवटच्या भेगेच्या निदान ५० मीटर अलीकडे. तो कुठे उभा करायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मोकळ्या वळणावर उभा केला तर लोक दरीच्या कडेने वळसा घालतात, म्हणजे आपणच त्यांना सगळ्यात वाईट जागेवर पाठवतो. दोन्ही बाजूंना कातळ असलेली खिंड किंवा कठडे शाबूत असलेली मोरी (रस्त्याखालून पाणी जाणारा छोटा पूल) शोधा. तिथे डोंगरापासून कठड्यापर्यंत पूर्ण रुंदी अडवता येते. गटारावरून उडी मारून जाता येऊ नये म्हणून अडथळा गटाराच्या पलीकडे कातळापर्यंत न्यायचा, पण गटारात काही टाकायचं नाही, जाळी वरच्या वर ठेवायची.

साहित्य: २०० लिटरची जुनी पिंपं, वाळूने भरलेली. प्रत्येक पिंप तीनशे किलोच्या वर जातं, दोघांना ढकलवत नाही. पाण्याने भरायची प्लास्टिकची पिंपं नकोत, आठवड्यात कोणीतरी बूच काढतो. पिंपांवर लाल-पांढरे पट्टे आणि रात्री चमकणारी चिकटपट्टी, दोन पिंपांच्या मधे लोखंडी जाळी, फट पाऊण फुटाहून कमी. काँक्रीटचे तयार अडथळे आणले तर ते भरावाच्या बाजूला ठेवू नका, मीटरमागे पाच-सहाशे किलो भरतात. खचणाऱ्या कडेवर आपणच ओझं ठेवायचं हे प्रकार आम्ही पाहिलेले आहेत.

याच कारणाने दरडीचा मलबा दरीकडच्या कडेवर साठवू नका. जेसीबीवाल्याला तेच सोपं पडतं. त्या मलब्याने भरावावर वजन येतं आणि तो खाली घसरला की खालच्या वळणावरच्या मोरीचं तोंड बुजतं. पुढच्या पावसात पाणी तिथून रस्ता फोडतं.

आता फलक. "रस्ता बंद" एवढं लिहिलं की प्रत्येक जण समजतो, हे दुसऱ्यासाठी आहे. काय झालं आहे, कोणाकोणाला बंद, किती अंतरावर, पुढची पाहणी कधी, हे सगळं हवं. नमुना असा:

"येथून ३ किमीवर रस्ता खचला आहे व वरून दगड पडत आहेत. मोटार, दुचाकी, सायकल आणि पायी, सर्वांना बंद. पलीकडे जाता येत नाही. पुढील पाहणी दि. __. पर्यायी मार्ग __, अंतर __ किमी. चौकशी १०७७."

अक्षरं निदान दहा सेंटिमीटर उंच. सोबत लाल वर्तुळातली सायकल आणि लाल वर्तुळातला पादचारी ही दोन्ही बंदीची चिन्हं लावा, मराठी न वाचणाऱ्यालाही कळतात. पाहणीची तारीख उलटून गेलेला फलक मात्र नसलेला बरा. लोक त्यावरून ठरवतात की इकडे कोणी फिरकत नाही. १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे. काय सांगायचं, हे कक्षाला आधी कळवून ठेवा.

पर्यायी मार्ग लिहिताना एक बघा. वरंधा बंद म्हणून पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला जा, असं सुचवलं जातं. पण दोन्ही घाट एकाच पावसात असतात. २३ जुलै २०२१च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा आंबेनळी ठिकठिकाणी तुटला होता.

प्रश्न : भेग वाढते आहे की जुनीच आहे, हे गावात कोणाला ओळखता येईल का? — शिक्षक, भोर

येईल, टेप आणि वही एवढ्यावर. १२ मिलिमीटर जाडीच्या सळईचे ७५ सेंटिमीटर लांबीचे सहा तुकडे घ्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना, भेगेपासून एकेक मीटरवर, समोरासमोर एक जोडी, अशा तीन जोड्या ठोका: मधे एक, दोन टोकांना दोन. निदान ४५ सेंटिमीटर जमिनीत जायला हव्यात. डांबरात सळई बसत नसेल तर काँक्रीटचे खिळे ठोकून भोवती रंगाचा ठिपका करा. डोक्यावर करवतीने बारीक खाच पाडा, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्या जागेवरून मोजतो. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, पोलादी टेपने, खाचेपासून खाचेपर्यंत. कापडी टेप ओली झाली की ताणते. शेजारी त्या दिवसाचा पाऊस लिहा. दरीकडची बाजू खाली बसते आहे का, तेही एक सरळ फळी आडवी ठेवून बघा. नुसती रुंदी मोजली तर हे निसटतं.

एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजण्यातल्या चुकीचा असू शकतो, त्यावरून घाबरू नका. वाढ रोजची आहे का आणि आज कालपेक्षा जास्त आहे का, हे बघा. ओळीने दोन दिवस वेग वाढताना दिसला तर पाऊस थांबलेला असला तरी रस्ता सर्वांना बंद करून तहसील कार्यालयाला कळवा. पाऊस थांबल्यावरही डोंगरातलं पाणी उतरत असतं, त्यामुळे उघडीप पडली म्हणून मोजणं सोडू नका. भेग चिकणमातीने ठासून वर ताडपत्री टाका, कडा मातीने दाबा. सिमेंट ओतू नका: ते तडकतं, पाणी आत जातंच आणि हालचालही दिसेनाशी होते.

मोजण्याशिवाय डोळ्यांना दिसणारी लक्षणं: संरक्षक भिंतीच्या पाझरभोकांतून ऐन पावसात पाणी येत नाही आणि भिंतीला पोट सुटलं आहे, नितळ झरा अचानक गढूळ झाला, डांबरावर ताजे पांढरे ओरखडे आणि वाटीएवढे खड्डे, म्हणजे कालच्या दगडांच्या खुणा. कातळाच्या दोन थरांमधे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो तिथे जास्त लक्ष द्या. ही माती पाणी धरून फुगते, मऊ होते आणि वरचा थर आधार सुटून खाली येतो.

प्रश्न : घाट सर्वांना बंद केला, पण वरच्या वाडीची मुलं खालच्या शाळेत चालत येतात. त्यांचं काय? — पालक, पोलादपूर तालुका

बंदी घालणाऱ्याने हा प्रश्न आधी सोडवायचा असतो, कारण सहलीला येणारा परत जाऊ शकतो, वाडीतला माणूस नाही. आदेशातच स्थानिकांसाठी वेगळी व्यवस्था लिहून घ्या. सरपंचांनी लेखी मागणी करावी, म्हणजे पाहणीला येणाऱ्या अभियंत्याला त्यावर मत विचारता येतं.

धोका फक्त खालचा असेल तर वर सांगितलेली आतली पट्टी चुन्याने आखून, दोरीचा कठडा करून, उजेडाच्या वेळेत चालू ठेवता येते. हा कठडा वाटेच्या लांबीने असतो, आडवा नाही, त्यामुळे मघाचा धोका इथे नाही. वरून दगड येत असतील तर जुनी पायवाट बघा. रस्ता व्हायच्या आधीच्या वाटा बहुतेक वाड्यांना असतात आणि म्हाताऱ्यांना माहीत असतात. पण ती वाट त्याच दरडीच्या खालून किंवा ओढ्यातून जात नाही ना, हे मोठ्या माणसाने आधी चालून बघायचं.

काहीच पर्याय नसेल आणि टप्पा छोटा असेल, तर राखणदार ठेवूनच. एक जण समोरच्या सुरक्षित जागेवरून फक्त वर बघत उभा, हातात शिट्टी. दुसरा मुलांसोबत. दोन-दोन मुलं, एक जोडी पलीकडे पोचल्याशिवाय दुसरी निघत नाही. लांब शिट्टी म्हणजे जवळच्या टोकाकडे पळणे, हे आधी दोनदा करून घ्या. पाऊस चालू असेल, धुकं असेल, किंवा आदल्या चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला असेल, तर त्या दिवशी शाळा नाही. हवामान खातं त्या आकड्यापासून "जोरदार पाऊस" धरतं. मुख्याध्यापकांशी हे जूनमध्येच बोलून ठेवा, म्हणजे हजेरीचा वाद होत नाही.

प्रश्न : आदेशात "वाहनांस बंदी" असं होतं. सायकल वाहन धरायची का? चालणाऱ्याला अडवता येतं का? — सायकलस्वार, सातारा

कोणत्या कायद्याखाली आदेश निघाला, त्यावर आहे. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ११५ मोटार वाहनांपुरतं आहे, सायकल त्यात येत नाही. (बंदी महिन्याहून जास्त असेल तर त्याला राजपत्रातली अधिसूचना लागते.) पण घाटाच्या बाबतीत जिल्हाधिकारी बहुधा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ वापरतात. त्याच्या कलम ३४खाली वाहतुकीवर आणि माणसांच्या येण्याजाण्यावरही निर्बंध घालता येतात, आणि आदेश मोडला तर कलम ५१खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कोणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत. तेव्हा नुसता मथळा वाचू नका, कलम वाचा. आणि आदेश लिहिणाऱ्यांनीही "सायकल व पादचाऱ्यांसह" हे तीन शब्द घालावेत, नाक्यावरच्या पोलिसाचा निम्मा वाद वाचेल.

प्रश्न : इथे इंग्लंडमध्ये, डर्बीशरमधल्या मॅम टॉर टेकडीवरचा रस्ता १९७९पासून गाड्यांना बंद आहे, पण लोक खुशाल चालतात. भारतात तसं का करत नाहीत? — वाचक, मँचेस्टर

चांगलं उदाहरण आहे, कारण तिथे धोका खालचा आणि संथ आहे. तो रस्ता हजारो वर्षं जुन्या भूस्खलनाच्या अंगावरून काढला होता. खालचा शेल दगड सरकत राहतो, रस्ता वर्षानुवर्षं दुरुस्त करत राहिले आणि शेवटी १९७९मध्ये कायमचा सोडून दिला. आज तुटलेल्या कडेला डांबराचे एकावर एक थर उघडे दिसतात, ते सगळे दुरुस्तीचे. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाच्या मोजणीनुसार ही जमीन वर्षाला सरासरी २५ सेंटिमीटरपर्यंत सरकते. ती जोरात सरकते ती हिवाळ्यात, महिन्याचा पाऊस २१० मिलिमीटरवर गेला आणि आधीच्या सहा महिन्यांचा ७५० मिलिमीटरवर, तेव्हा. चालणाऱ्याला त्यापासून धोका नाही, पायऱ्यांसारख्या तुटलेल्या डांबरावरून उतरताना पाय मुरगळेल एवढंच.

आपल्याकडे २१० मिलिमीटर एका दिवसात पडतात आणि कातळ सावकाश सरकत नाही, एकदम सुटतो. त्या रस्त्याकडून घेण्यासारखं आहे ते मोजणी. तिथे लोक चालतात, कारण जमीन किती आणि कधी हलते हे मोजलेलं आहे. आपल्याकडेही जिथे फक्त कड खचते आणि वर कातळ नाही, अशा टप्प्यांवर डिसेंबर ते मे पायी आणि सायकल चालू ठेवायला हरकत नसावी. सरसकट वर्षभर बंदी घातली की लोक ती पाळेनासे होतात, मग जुलैतली खरी बंदीही पाळत नाहीत.

प्रश्न : जेसीबीने दरड हटवली, रस्ता साफ झाला. मग लगेच जायला काय हरकत? — ट्रेक गट, डोंबिवली

हटवलेला ढीग हाच बऱ्याचदा वरच्या मातीचा टेकू असतो. पायथा काढला की वरचा भाग पुढच्या सरीला, कधी सरीशिवायही, खाली येतो. साफ दिसणारा रस्ता त्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात फसवा. आधी दोर लावून माणसं वर चढतात, सैल दगड पहारीने वरून खाली या क्रमाने पाडतात, मगच खालचं काम पूर्ण झालं म्हणायचं. हे चालू असताना खालून एकही माणूस जाऊ देत नाहीत. २०२२च्या एप्रिल-मेमध्ये परशुराम घाट रोज दुपारी १२ ते ५ बंद ठेवला होता, तो चौपदरीकरणासाठी डोंगर कापण्याच्या कामासाठी. वेळ ठरवून बंद असेल तर ती वेळ पाळा, कामगाराला "एक मिनिटात जातो" म्हणून गळ घालू नका. वर असलेल्याला तुम्ही दिसत नाही.

रस्ता उघडल्याचा आदेश निघाल्यावर पहिल्या आठवड्यात जाणार असाल तर सकाळी, आदला दिवस कोरडा बघून जा. दरडीच्या टप्प्याआधी थांबून पाणी पिऊन घ्या, चेन-गिअर बघा, गटात वीस-वीस मीटरचं अंतर ठेवा आणि कानातले हेडफोन काढा. सुटलेला दगड बहुतेक वेळा दिसायच्या आधी ऐकू येतो.